नवरा की मशीन?

सिंगापूरला, आमच्या सेम्बावांगच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये मी फोनवर आईशी बोलत होते. बोलत होते म्हणजे रडत होते. "अगं, काही केलं तरी चालूच होत नाहीये. सोमवारी मला काम दाखवायचंय आणि हे मेलं नुसतं घरघरतंय!" तेवढ्यात पाठीमागून स्वच्छ मराठीत आवाज आला, "नवरा की मशीन?"

मी दचकून वळले. बुटकी, गोल चेहऱ्याची, पांढऱ्या केसांचा बॉयकट केलेली बाई. अंगात कंपनीचा निळा मळखाऊ शर्ट, पायात लोखंडी टोकाचे बूट, गळ्यात पास आणि करंगळीला अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत काळी कुळकुळीत, बिनसाखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी. या बाईला मी कित्येकदा लिफ्टमध्ये पाहिलं होतं आणि इथलीच कुणी आंटी समजून "हॅलो आंटी" म्हणून हसले होते. त्याही "हॅलो गर्ल" म्हणून हसल्या होत्या.

"मशीन," मी म्हणाले.

"मग सुटलीस. नवरा असता तर माझा उपयोग नव्हता, माझाच दुरुस्त झाला नाही. कितवा मजला?"

या शुभदाताई पोंक्षे. मूळच्या सांगलीच्या. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर होत्या. पहाटे कंपनीच्या बसने जायच्या आणि दिवसभर 'यातलं काय फुटू शकेल' एवढाच विचार करायच्या. हा विचार करण्याबद्दल आपल्याला पगार मिळतो, याचं त्यांना कायम नवल वाटे. "आमच्या आजीनं हेच काम आयुष्यभर फुकट केलं," असं म्हणत.

आमचं मशीन म्हणजे आम्ही घरी जोडलेला नवाकोरा कॉम्प्युटर. मी पुण्यात इंटिरिअर डिझायनर होते. नवऱ्याच्या, म्हणजे संदीपच्या मागोमाग, त्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर इथे आले आणि पोळ्या, पालक-सभा यांच्यात वर्षं कशी गेली ते कळलं नाही. आता पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर पहिलं काम मिळालं होतं. यिशुनच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना नवं क्लिनिक करायचं होतं. 'दारातून आत शिरल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत' सगळं थ्री-डीमध्ये हलताना बघायचं, अशी त्यांची अट. माझ्या जुन्या लॅपटॉपला एक भिंत रंगवायला सांगितली तरी तो धाप लागल्यासारखा करायचा. म्हणून नवा कॉम्प्युटर. संदीप चांगी बिझनेस पार्कमध्ये आयटी मॅनेजर. तो म्हणाला, "तयार कशाला घ्यायचा? मीच जोडतो. ठोकळे जोडण्यासारखं असतं." संदीप आयटीत आहे, म्हणजे ज्यांना कॉम्प्युटर कळतात अशा लोकांना तो मीटिंगला बोलावतो. स्क्रू ड्रायव्हर त्यानं त्याआधी शेवटचा कधी धरला होता हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं.

त्यानं व्हिडिओ बघून बघून जोडला. बटण दाबलं. पंखे फिरले, निळे-जांभळे दिवे लागले, हॉलला एखाद्या लग्नाच्या ऑर्केस्ट्राची कळा आली. पडदा मात्र काळा ठिक्कर. बंद केला, चालू केला. तेच. माझी लेक ऋचा तिथून जाता जाता 'बिघडला की हा' अशा अर्थाचं इथल्या इंग्रजीत म्हणाली, "स्पॉइल ऑलरेडी लाह," आणि फ्रीज उघडून जेली घेऊन गेली.

शुभदाताई आमच्या घरात आल्या त्या बूट दारातच उडवून. एक आत पडला, एक कॉरिडॉरमध्ये राहिला. 'काय करता, कुठले तुम्ही' काही नाही. जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि संदीपला म्हणाल्या, "प्लग काढ. आणि आता मला खरं खरं सांग, काय काय केलंस?"

"मी सगळं नीट लावलंय," संदीप म्हणाला.

"हां. म्हणजे इथूनच सुरुवात करायची." त्या माझ्याकडे वळल्या; माझं नाव तेवढं त्यांनी लिफ्टमध्ये विचारून घेतलं होतं. "लक्षात ठेव मृणाल. मशीन खोटं बोलत नाही. 'मी सगळं नीट लावलंय' म्हणणारा माणूस बोलतो."

संदीपचा चेहरा पडला. पण बाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी कॅबिनेटची बाजू उघडली, आतल्या वायरींच्या गुंत्याकडे पाहिलं आणि "अगं आई गं, वारूळ!" एवढंच म्हणाल्या. मग त्यांचा तो मंत्र आला, जो नंतर आमच्या घरात म्हण होऊन बसला: "आधी सगळं काढ."

"सगळं?" संदीप जवळजवळ किंचाळला. दोन दिवस बसून जोडलेलं होतं बिचाऱ्यानं.

"सगळं. कळत नाही तेव्हा काढायचं असतं. लोक काय करतात, कळत नाही म्हणून आणखी काहीतरी घालतात. भाजी बिघडली, घाल गूळ. मग घाल चिंच. शेवटी पातेलं फेकावं लागतं."

मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं ती मोठी हिरवी-काळी पाटी, तिच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर आडवी ठेवली. ग्राफिक्स कार्ड बाजूला, डिस्क बाजूला. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, त्यातली एक काढायला गेल्या तर ती हात लावताच सुटली. तिचं एक टोक खाचेत बसलंच नव्हतं. शुभदाताईंनी ती पट्टी संदीपच्या नाकासमोर धरली.

दुसरी पट्टी त्यांनी 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवली. मॉनिटरची वायर सरळ मदरबोर्डला लावली. "आता चालू कर."

पंखा फिरला. पडदा काळा. संदीपचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि शुभदाताईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली. खरोखरची चापट. आयटी मॅनेजरला.

"प्रत्येक वेळी असंच केलंस ना? काळा दिसला की बंद?"

"मग काय करणार? काही दिसतच नव्हतं."

"अरे, नवी रॅम पहिल्यांदा लावली की मशीन तिची ओळख करून घेत बसतं. त्याला वेळ लागतो. तू नव्या सुनेला दारात नाव विचारतोयस आणि ती तोंड उघडेपर्यंत परत माहेरी पाठवतोयस. चहा टाक गं मृणाल. माझी कोपी गार झाली याच्या पायी."

मी चहा टाकला. चहा उकळला, गाळला, त्यांनी पहिला घोट घेऊन "आलं कमी" असं म्हटलं, आणि तेवढ्यात मॉनिटरवर पांढरी अक्षरं उमटली. मी ओरडले. संदीप ओरडला. आतून ऋचाही "हॅ? कॅन ऑलरेडी?" म्हणत, खरंच चालू झाला का ते बघायला आली.

शुभदाताई तेवढ्या ओरडल्या नाहीत. एकेक वस्तू परत लावायला लागल्या. एक लावायची, चालू करून बघायचं, बंद करायचं, मग दुसरी. संदीप म्हणाला, "आता दोन्ही एकदम लावू या ना, वेळ वाचेल." त्यावर म्हणाल्या, "एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्यास आणि बिघडलं, तर कशानं बिघडलं ते देवालाही सांगता यायचं नाही. त्याला तसंही यातलं काही कळत नाही. आपले गुडघेच बघ ना, काय डिझाइन आहे का ते?"

सगळं जोडून झालं. विंडोज चढलं, माझं थ्री-डीचं सॉफ्टवेअर चढलं. मी त्यांच्या पाया पडायच्या बेतात होते. त्या म्हणाल्या, "थांब. चालू झालं म्हणजे झालं असं नाही. उभा राहिला, आता पळव त्याला." मी क्लिनिकची फाइल उघडली आणि रेंडर, म्हणजे तिचं हलतं चित्र बनवणं, लावलं. डॉक्टरीणबाईंच्या क्लिनिकचं दार उघडलं, फिकट हिरवी भिंत आली, रिसेप्शनचं टेबल आलं आणि फट्! सगळं बंद. दिवेसुद्धा.

मी खुर्चीतच बसून राहिले. डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी मिळालेलं पहिलं काम, आणि ते या खोक्यापायी जाणार. संदीप म्हणाला, "पॉवर सप्लायच खराब असणार. डिफेक्टिव्ह पीस. दुकानात परत देऊ."

शुभदाताईंनी प्लग काढला आणि आत हात घालून उलट्या पंज्यानं कूलरला स्पर्श केला. प्रोसेसर तापला की त्याची उष्णता ओढून घेणारा तो धातूचा ठोकळा. लहान मुलाचा ताप बघावा तसा त्यांनी हात तिथे ठेवला. मग दुसरीकडे ठेवला. मग माझा हात ओढून तिथे ठेवला. "काय वाटतंय?"

"गार आहे."

"गार आहे! आता मशीन एवढं पळालं, धापा टाकून पडलं, आणि याच्या अंगाला घामसुद्धा नाही. आत भट्टी आणि वर बर्फ. म्हणजे आतली आग याच्यापर्यंत पोचतच नाहीये. मधे कोणीतरी बसलंय."

त्यांनी स्क्रू काढले आणि कूलर उचलला. खाली प्रोसेसरवर राखाडी मलम लावलेलं होतं, अगदी व्यवस्थित, व्हिडिओत दाखवतात तसं. आणि कूलरच्या बुडाला, त्या मलमाच्या वर, पारदर्शक प्लॅस्टिकचा एक कागद चिकटलेला होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं: वापरण्यापूर्वी हा कागद काढा.

शुभदाताईंनी चिमटीत धरून तो कागद सोलला, उजेडात धरला आणि मोठ्यानं वाचला. मग संदीपला म्हणाल्या, "मॅनेजरसाहेब, इंग्रजी मीडियम ना?"

संदीपला आधी राग आला असावा. पण त्या बाई अशा काही हसायला लागल्या, पोट धरून, जमिनीवर लोळायच्याच बाकी, की तोही हसायला लागला. मग म्हणाल्या, "अरे, मीपण केलंय हे. माझ्या पहिल्या मशीनला. फक्त मी कुणाला सांगितलं नाही, तुझं सगळ्या ब्लॉकला कळणार." आणि कळलंच. त्यांनी स्वतःच सांगितलं.

त्यानंतर मशीन न थकता पळालं. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी दारापासून खुर्चीपर्यंत सगळं बघितलं, खूश झाल्या आणि म्हणाल्या, "व्हेरी नाइस. ग्रीन काढून पिंक करता येईल का?" मी आनंदानं पिंक केलं. शुभदाताईंना ते चित्र दाखवलं तर म्हणाल्या, "दात दुखत नसतील त्याचेही दुखायला लागतील. पण बिल लाव."

शुभदाताईंचा स्वभाव असा. कुणाचं काही अडलं की धावून जायच्या आणि जाताना त्या माणसाचा थोडा अपमान करून यायच्या. सेम्बावांगपासून वुडलँड्सपर्यंतच्या मराठी घरांत त्यांचा तो स्क्रू ड्रायव्हर फिरलेला होता. एकांच्या नव्या कॉम्प्युटरमधून सतत खडखड आवाज यायचा. मी सोबत गेले होते. शुभदाताईंनी पंखा उघडला तर आत कुंकवाचे तांदूळ. दसऱ्याला यजमानांनी मशीनची साग्रसंगीत पूजा केली होती. "वहिनी," त्या घरच्या बाईंना म्हणाल्या, "देवाला वाहिलेलं देवापर्यंत पोचलं नाही हो, ग्राफिक्स कार्डात अडकलं." वहिनींनी आम्हाला चहा दिला, पण बिस्किटं दिली नाहीत.

त्यांचं नेहमीच बरोबर असायचं असंही नाही. एकदा प्लांटमध्ये एका गेजवरचा दाब त्यांना संशयास्पद वाटला आणि त्यांनी चालू व्हायचं युनिट थांबवलं. सगळ्यांनी सगळं तपासलं. दाब ठीक होता, गेजच बिघडलेलं होतं. साहेब भडकला. या घरी येऊन मला सांगत होत्या, "मी त्याला म्हटलं, गेज खोटं बोलतंय हेच तर मी म्हणत होते." मी म्हटलं, "ताई, तुम्ही दाब वाढलाय म्हणत होतात." "तू साहेबाच्या बाजूची का?" म्हणून त्यांनी विषय बदलला.

त्यांच्या नवऱ्याची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. अरुणराव पोंक्षे. कॉलेजातले वर्गमित्र, नंतर नवरा, नंतर नवरा नाही. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दर रविवारी ते जुरोंग वेस्टहून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, तासभर प्रवास करून सेम्बावांगला जेवायला यायचे. उंच, सावकाश, अतिशय सभ्य गृहस्थ. लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करायचे, हातात आमरसाचा डबा नाहीतर केळी असायची. वेगळं होण्याचं कारण शुभदाताई दर वेळी नवं सांगायच्या. कधी त्याचं घोरणं, कधी एसीचं तापमान, कधी "माझं तोंड". "मग आता जेवायला का बोलावता?" असं विचारलं तर म्हणायच्या, "घटस्फोट लग्नाचा झालाय. आमटीचा नाही."

अशाच एका रविवारी अरुणराव आलेच नाहीत. फोन उचलेनात. शुभदाताई टॅक्सीनं गेल्या, कुलूप फोडायला लावलं. ते स्वयंपाकघरात पडलेले होते. मेंदूतल्या रक्तस्रावानं उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती.

हॉस्पिटलमधून शुभदाताई त्यांना थेट आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आल्या. बाथरूमला धरायच्या दांड्या कुठे बसवायच्या, व्हीलचेअर वळायला किती जागा लागेल, ते मी माझ्या कॉम्प्युटरवर काढून दिलं. मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात एक बाई हळद-कुंकवाचं ताट हातात धरून म्हणाल्या, "खूप मोठं मन हो तुमचं. पण आता तुमचं नातं नेमकं काय म्हणायचं?" शुभदाताई म्हणाल्या, "वॉरंटी संपलेला माल आहे. सर्व्हिसिंग मात्र मीच करते." त्या बाईंना हसावं की कुंकू लावावं कळेना.

पण घरी त्या अशा बोलत नसत. अरुणरावांना समोरचं सगळं कळायचं, फक्त शब्द यायचे नाहीत. ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, आणि मग ते डोळे मिटून घ्यायचे. बोलणं परत शिकवायला घरी येणारी थेरपिस्ट मुलगी चांगली होती. कप, किल्ली, बूट अशी चित्रं दाखवायची आणि गोड आवाजात इंग्रजीतून विचारायची. शुभदाताई तीच चित्रं मराठीत दाखवत. सकाळी दाखवून बघ, संध्याकाळी दाखवून बघ. खिडकीपाशी बसवून बघ, रेडिओ बंद करून बघ. काही होईना. एका दुपारी मी गेले तर त्या चित्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन नुसत्या बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "मृणाल, याच्यात आता कुठून काय काढू गं?" मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

पुढच्याच आठवड्यात, माझ्यादेखत, ते घडलं. शुभदाताई अरुणरावांची खुर्ची टेबलाजवळ घेत होत्या. बोलणं माझ्याशी चाललेलं, लक्ष भलतीकडे. खुर्चीचं चाक अरुणरावांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावरून गेलं. आणि ते स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "च्यायला!"

आम्ही दोघी जागच्या जागी. ज्या माणसानं जन्मात कुणाला 'मूर्ख' म्हटलं नव्हतं, त्याचा हा पहिला शब्द. अरुणरावही आपल्याच तोंडाकडे बघता आलं असतं तर बघावं अशा चेहऱ्यानं बसलेले. शुभदाताई मटकन खाली बसल्या. हसताहेत की रडताहेत ते कळेना, दोन्ही चालू होतं. "परत म्हण," त्या म्हणत होत्या, "अरुण, परत म्हण ना रे! पुन्हा फिरवू का चाक?" आणि अरुणराव लाजून, हसून, पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थेरपिस्ट आल्यावर त्यांनी तिच्यापुढेही म्हणून दाखवलं. ती बिचारी हरखून गेली. "आंटी, व्हॉट इज अंकल सेइंग?"

शुभदाताईंनी जरा विचार केला. "समथिंग अबाउट मदर," त्या म्हणाल्या.

"ओह, सो स्वीट! ही इज मिसिंग हिज मदर," असं म्हणून त्या मुलीनं ते टिपून घेतलं.

मग त्याच थेरपिस्टनं त्यांना सांगितलं की असे अचानक आलेले शब्द हे चांगलं लक्षण असतं, पण त्यापुढे न्यायचं तर माणसाच्या स्वतःच्या भाषेत शिकवणारं कुणीतरी हवं. सिंगापूरमध्ये इंग्रजी होती, मँडरिन होती, मलय, तमिळ होती. मराठी नव्हती. शुभदाताईंनी जुरोंग आयलंडची नोकरी सोडली. ज्या बाईची आम्ही 'ही रिटायर झाली तर प्लांट बंद पडेल' अशी चेष्टा करायचो, तिनं पास परत केला आणि पुण्यात वाचा शिकवणारी एक डॉक्टर शोधली.

"इथे मी होते ना मराठी बोलायला," त्या म्हणाल्या, "पण माझ्याशी बोलायचा याला कंटाळा येऊनच तर आम्ही वेगळे झालो होतो." हे कारण मी त्याआधी ऐकलं नव्हतं. बहुधा तेच खरं असावं. आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "भीती वाटते गं. इथे निदान कुठं काय फुटेल ते ठाऊक होतं."

चांगी विमानतळावर सोडायला आम्ही तिघंही गेलो. मी रडत होते. संदीपचेही डोळे भरले होते. शुभदाताईंनी मला जवळ घेतलं, पाठीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाल्या, "पुरे. विमान माझं आहे, तू कशाला हलतेस?" मग अरुणरावांच्या अंगावरची शाल सारखी करत, एअरलाइनच्या मुलीला व्हीलचेअर कशी धरायची ते शिकवत, त्या आत गेल्या. वळून पाहिलं नाही. वळून बघणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच.

नंतर फोन व्हायचे, पण बोलायच्या त्याच. "किती शब्द आले?" विचारलं तर म्हणायच्या, "मोजत नाही. मोजलं की याला घाम फुटतो." बरेच दिवस त्यांच्याकडून काही कळलं नाही. मीही नव्या कामात बुडालेली.

परवा दुपारी मी एका ग्राहकाच्या स्वयंपाकघराच्या टाइल्स कॉम्प्युटरवर लावत बसले असताना फोनवर एक आवाजी निरोप आला. शुभदाताईंच्या नंबरवरून. मी लावला. आधी नुसता श्वास. मग भांड्यांचा आवाज, लांबून शुभदाताईंचं कुणाला तरी झापणं. मग एक जाड, अडखळता पुरुषी आवाज, एकेक शब्द वजनानं उचलून ठेवत असल्यासारखा:

"मृणाल... शुभदा... फार... बोलते."

आणि त्याच्या मागून, भांडी टाकून, मोठमोठ्यानं हसत धावत येणाऱ्या बाईचा आवाज.